‘शिसवी’ कशाला म्हणावे?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या अलीकडच्या अंकांत ‘शिसवी’ हे विशेषण निरनिराळ्या पानांवर आले आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा होता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. घरसजावटीच्या पुरवणीत स्वयंपाकघरातील कपाटांना ‘शिसवी रंगाचे’ लॅमिनेट लावावे, असा सल्ला होता आणि शेजारच्या छायाचित्रातील कपाटे डांबरासारखी काळीठिक्कर होती. खानापूर तालुक्यातील वृक्षतोडीच्या बातमीत मथळ्यात ‘शिसम’ होते, तर मजकुरात त्याच ओंडक्यांना एकदा ‘शिसवी ओंडके’ आणि एकदा ‘रोझवूड’ म्हटले होते. कुस्त्यांच्या वृत्तांतात एका तरुण मल्लाच्या ‘शिसवी अंगा’चे वर्णन होते. माझ्या मते या सर्वांत शब्द नेमका बसला तो आखाड्यात. ज्या बातमीत खुद्द शिसवाचे झाड होते, तिथेच तो सर्वांत जास्त घसरला, ही गंमत म्हणायची की आणखी काही, ते आपण ठरवावे.

मी भाषेचा पंडित नाही. खानापुरातील एका लाकडाच्या वखारीत मी हिशेब लिहिले, लिलावाच्या याद्या केल्या, ओंडक्यांची मापे वहीत उतरवली आणि त्यामुळे झाडांची नावे मला कोशातून कळण्याआधी वखारीच्या अंगणात कळली. ऐन, किंदळ, नाणा, जांबा, हेदू, बिबला, साग, शिसव ही नावे आमच्याकडे एका श्वासात घेतली जातात. पण यांतली विशेषण होऊन लिहित्या-बोलत्या मराठीत मानाने वावरली ती दोनच, ‘सागवानी’ आणि ‘शिसवी’. ऐनाच्या तुळईवर सबंध घर उभे असले तरी त्या घराला कोणी ‘ऐनी’ म्हणत नाही. त्यातही ‘सागवानी’ हा शब्द बापडा आपल्या कामापुरता आहे. सागवानी कपाट म्हणजे सागाचे कपाट, त्यापलीकडे तो काही सांगत नाही आणि कोणा माणसाचे वर्णन त्याने होत नाही. ‘शिसवी’ मात्र लाकडापासून निघाला आणि माणसाच्या कांतीपर्यंत, मूर्तीच्या तकाकीपर्यंत गेला. हा प्रवास त्याने नुसत्या काळेपणाच्या बळावर केला असेल, असे मला वाटत नाही.

मुळात उभ्या झाडात काळे असे काही दिसतच नाही. शिसव, म्हणजे वनस्पतिशास्त्रातला डालबर्जिया लॅटिफोलिया, हा आपल्या पानझडी जंगलातला शेंगावर्गातला वृक्ष आहे. जांबोटी, हेमाडगा, नागरगाळी, लोंढा या बाजूला आणि पुढे हल्याळ-दांडेलीकडे गेलेल्या जंगलात तो साग, ऐन, नाणा यांच्या सोबतीने वाढतो, पण सागासारखा एकगठ्ठा सहसा भेटत नाही. साल करडी, तिचे पातळ पापुद्रे सुटतात. एका देठावर पाच ते सात गोलसर पर्णिका, त्याही समोरासमोर नव्हेत तर एकाआड एक. फुले बारीक आणि पांढरट, शेंगा चपट्या आणि त्यांत मोजक्याच बिया. ज्याने शिसवी पलंग पाहिला आहे पण झाड पाहिलेले नाही, त्याला या झाडाखाली उभे केले तर तो पलंगाचे झाड शोधत पुढे निघून जाईल.

काळोखी असते ती गाभ्यात, आणि तीही पहिल्या दिवशी काळी नसते. ओंडका करवतीखाली गेला की कडेला फिकट पिवळसर पट्टा दिसतो, त्याच्या आत गाभा. ताज्या चिरलेल्या गाभ्याचा रंग जांभळट तपकिरी असतो, कुठे सोनेरीकडे झुकणारा, आणि त्यातून काळपट रेघा वाकड्यातिकड्या गेलेल्या असतात. भुशाला गुलाबाची आठवण करून देणारा मंद वास येतो. हवा लागली, हात लागले, वर्षे गेली की हाच रंग खोल जातो आणि रेघा त्यात अर्ध्यामुर्ध्या बुडतात. त्या पुरत्या बुडत नाहीत, हे महत्त्वाचे. लॅमिनेटच्या काळ्या रंगाला खोली नसते, नजर पृष्ठभागावरच अडते. शिसवाच्या फळीवर ती थोडी आत शिरते आणि तिथे तिला तांबूस-जांभळे काहीतरी सापडते.

हे लाकूड सुताराचा घाम काढते. सागाचे वजन घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास भरते, तर शिसवाचे आठशेच्या वर जाते. तंतू एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे एका दिशेने रंधा मारावा तर मध्येच धागे उलटे उचलतात. काही ओंडक्यांच्या छिद्रांत खडूसारखा क्षार साचलेला असतो आणि त्याने पात्याची धार बघता बघता मरते. आमच्या वखारीला लागून ज्यांचे काम चाले, ते वृद्ध मिस्त्री शिसव आले की पटाशीच्या आधी दगड जवळ घेऊन बसत. नवख्या पोराने चपडीच्या पॉलिशमध्ये काळा रंग मिसळायला घेतला की ते त्याच्या हातातली चिंधी काढून घेत. “शिसवाला वरनं रंग लावायचा नसतोय, घासून घासून आतला वर आणायचा असतोय,” हे त्यांचे म्हणणे. विशेषणाची यापेक्षा चांगली व्याख्या मला कोशात मिळालेली नाही.

जुन्या घरांतला शिसवी झोपाळा ज्यांनी नीट पाहिला असेल त्यांना हे पटेल. फळीच्या पुढच्या कडेला, जिथे पिढ्यान्‌पिढ्या मांड्या घासल्या आणि उठताना तळवे टेकले, तिथे लाकूड गुळगुळीत होऊन उजळलेले असते, आणि दुपारचे ऊन तिरपे पडले की त्या कडेत जांभळट छटा उठते. त्याच फळीच्या खालच्या बाजूला हात फिरवावा तर ती कोरडी, राठ आणि मातकट तपकिरी लागते. लाकूड तेच, वयही तेच. पण ‘शिसवी’ म्हणताना मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे येते ती वरची कड, खालची बाजू नव्हे.

तेव्हा या शब्दात माझ्या समजुतीप्रमाणे तीन गोष्टी एकत्र आहेत. एक गडद रंग, दुसरी वापराने व घासण्याने आतून आलेली तकाकी, आणि तिसरी म्हणजे वजन किंवा घट्टपणा, हाताला जाणवणारे भरीवपण. म्हणूनच तो मल्लाला शोभला. तालमीत तेल मुरलेले, मेहनतीने आवळलेले सावळे अंग, त्यावर लाल मातीचा हात फिरलेला, हे वर्णन ‘काळे’ या शब्दाने होत नाही आणि ‘पिळदार’ म्हटले तर रंग राहून जातो. ‘शिसवी’ म्हटले की दोन्ही आले. याउलट एखाद्या सुकलेल्या, आजारी माणसाचा वर्ण कितीही काळा असला तरी त्याला शिसवी म्हणणे चूक ठरेल. जाता जाता एक नोंद करतो. वधू-वरांच्या जाहिरातींत गोरा, निमगोरा, गव्हाळ आणि फारच झाले तर सावळा येथपर्यंत मजल जाते. ‘शिसवी’ लिहिण्याइतके धैर्य तिथे अजून कोणी दाखवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. शब्द स्तुतीचा असून तो फक्त मल्लांच्या, कातकऱ्यांच्या आणि विठोबाच्या वाट्याला येतो, हेही आपल्या समाजाविषयी काही सांगत असावे.

नुसता काळेपणाच सांगायचा तर मराठीत शब्दांची वाण नाही. केस काळेभोर, रान काळेशार, अंधार काळाकुट्ट, बैल काळाकुळकुळीत, तोंड काळेठिक्कर. यातला प्रत्येक शब्द आपापल्या जागी पक्का आहे. एवढी भरलेली घरे सोडून ‘शिसवी’ला त्याच आळीत आणखी एक खोली भाड्याने देण्याने भाषेचा काय लाभ होतो, ते कळत नाही. तोटा मात्र स्पष्ट दिसतो, कारण शिसवीची जी जागा रिकामी होईल ती भरणारा दुसरा शब्द आपल्याकडे नाही.

यावर कोणी म्हणेल की झाडावरून निघालेले शब्द झाडाला विसरतातच, त्यात एवढे काय. ‘जांभळा’ घ्या. जांभळावरून तो आला आणि आता शाई, साडी, आकाशातली छटा, अंगावरचा वळ, सगळ्यांना लागतो. म्हणणाऱ्याला जांभळाच्या झाडाची आठवणही होत नाही आणि त्याने कोणाचे बिघडत नाही. ‘ताडमाड’ हाही तसाच. खानापूरच्या रानात ना ताड ना माड, तरी आमच्याकडचा कोणताही पोरगा उंच माणसाला ताडमाड म्हणतो आणि त्याला ते झाड पाहावे लागत नाही. हे आक्षेप मला मान्य आहेत, पण ते इथे लागू पडत नाहीत. ‘जांभळा’ने एक रिकामी जागा भरली, त्या रंगाला दुसरे इतके घरगुती नाव नव्हते. त्याची रूपेही बघा, जांभळा, जांभळी, जांभळे असा तो काळा-पांढऱ्याच्या पंक्तीत बसून गेला. ‘ताडमाड’ला एकच गोष्ट सांगायची असते, उंची, आणि ती तो सांगतो. ‘शिसवी’ पलंगापुढेही तसाच राहतो, पेटीपुढेही आणि दारापुढेही. रेशमी, सुती, चंदनी यांच्यासारखा तो वस्तू कशाची घडली ते मनात ठेवून चालतो. (डाळिंबी, नारिंगी हे रंगही रूप बदलत नाहीत, हे मला ठाऊक आहे, म्हणून व्याकरणाचा मुद्दा मी फार ताणत नाही.)

आणखी एक बारकावा, जो मी फक्त कानाच्या भरवशावर सांगतो. वखारीत कोणी ‘शिसवी ओंडका’ म्हणत नसे. ओंडका शिसवाचा, फळी शिसवाची, ढलपी शिसवाची. वस्तू घडली, घासली, घरात आली की मग ती शिसवी. शिसवी पलंग, शिसवी देव्हारा, शिसवी पेटी, कातीव पायांची शिसवी खुर्ची. जंगलात पडलेल्या, चिखल लागलेल्या, चोरट्यांनी पालापाचोळ्याखाली दडवलेल्या ओंडक्याला आपल्या बातमीत ‘शिसवी’ म्हटलेले वाचताना जे खटकले ते यामुळे.

या शब्दाच्या कुळाविषयी थोडे लिहितो, कारण त्यातूनही गोंधळ होतो. काही जण ‘शिसवी’चा संबंध शिसे या धातूशी जोडतात. शिसपेन्सिलीच्या नावात जे शिसे आहे ते निराळे. शिशाचा रंग करडा, निळसर, त्याचा आणि या लाकडाचा काही संबंध नाही. ‘शिसव’ आला संस्कृतातल्या ‘शिंशपा’वरून. दीपाचा दिवा झाला, कपाटाचे कवाड झाले, तसाच इथे ‘प’चा ‘व’ झाला. शिंशपेचे नाव आपल्या वाङ्मयात जुने आहे. अशोकवनातली सीता अशोकाच्याच झाडाखाली बसली होती, असे आपण धरून चालतो, पण वाल्मीकींच्या सुंदरकांडात हनुमान ज्या दाट पानांत लपून तिला पाहतो ते झाड शिंशपेचे आहे. कौशांबीच्या शिंशपावनात बुद्धाने मूठभर पाने हातात घेऊन भिक्षूंना प्रश्न विचारला, ती पानेही याच झाडाची.

आणि बौद्ध नैयायिक धर्मकीर्ती, जो सातव्या शतकातला मानतात, त्याने तर अनुमानाचे ठरावीक उदाहरण म्हणून हेच झाड निवडले: हा वृक्ष आहे, कारण ही शिंशपा आहे. शिंशपा असली म्हणजे ती वृक्ष असणारच, हे बरोबर. पण समोर वृक्ष आहे म्हणून ती शिंशपाच असली पाहिजे, असे उलट अनुमान काढणाऱ्याला धर्मकीर्तीच्या शाळेत उभे केले नसते. आपल्या पुरवणीत नेमके हेच झाले आहे. शिसवी वस्तू गडद असते, हे खरे, म्हणून जी जी गडद ती ती शिसवी, हे खरे कसे होईल?

आता शिसव आणि शिसम. हा घोटाळा शब्दापुरता राहत नाही, म्हणून त्यावर सविस्तर लिहावे लागत आहे. हिंदीत ज्याला शीशम म्हणतात आणि मराठीत शिसम किंवा शिसू, तो डालबर्जिया सिस्सू, म्हणजे त्याच कुळातला दुसरा वृक्ष. तो हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांकाठचा, गाळाच्या जमिनीतला. कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या कडेने त्याची लागवड पुष्कळ होते, आपल्याकडेही झालेली आहे. त्याच्या पर्णिका तीन ते पाच आणि टोकाला एकदम चिमटा घेतल्यासारख्या अणकुचीदार, तर शिसवाच्या टोकाला बोथट किंवा किंचित खाच पडलेल्या. शिसमचे लाकूडही उत्तम, टिकाऊ आणि देखणे असते. सहारनपूरचे नक्षीकाम त्यावर चालते, जोधपूरकडचे फर्निचर देशभर जाते. त्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण तो शिसव नाही. त्याचा तपकिरी रंग शिसवाइतका जांभळ्या-काळ्यात उतरत नाही.

जुन्या शिंशपेला विद्वान बहुधा हा उत्तरेकडचा शिसमच मानतात. म्हणजे आपल्या पूर्वजांनी उत्तरेतल्या झाडाचे नाव सह्याद्रीतल्या त्याच्या भावाला दिले, आणि सरमिसळीची सुरुवात नावाच्या मुळाशीच झाली, असा टोमणा कोणी मारला तर तो मी मुकाट्याने ऐकून घेईन. परंतु त्यानंतर शतकानुशतके मराठीने ‘शिसव’ हे नाव इथल्या झाडासाठी राखले आणि बोलणाऱ्याला व ऐकणाऱ्याला ते कळत आले. ही घडी विसकटली ती बाजाराने. ऑनलाइन दुकानांतून शिसमचा पलंग ‘इंडियन रोझवूड’ म्हणून विकला जातो, मराठी जाहिरात लिहिणारा रोझवूडचे ‘शिसवी’ करतो, आणि गिऱ्हाईक शिसवाचे नाव घेऊन शिसम घरी आणते. त्यातही कधी कधी आंब्याच्या किंवा रबराच्या लाकडावर गडद पॉलिश मारून तोच शब्द डकवलेला असतो. वखारीत असे केले असते तर दुसऱ्या दिवशी दुकानापुढे माणसे जमली असती.

वृत्तपत्राला हा फरक पाळावा लागतो तो जंगलाच्या बातमीत. बेळगाव जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता आणि त्याआधीच्या इलाख्याच्या काळापासून साग, शिसव आणि चंदन ही सरकारने आपल्या हक्कात ठेवलेली झाडे होती. शेतकऱ्याच्या बांधावर शिसव उगवला तर त्याच्यावर मालकी कोणाची, यावरून झालेल्या कटकटी जुन्या माणसांना आठवत असतील. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत आपला शिसव ‘असुरक्षित’ वर्गात आहे, तर शिसम धोक्याबाहेरच्या वर्गात. जोहान्सबर्गला 2016 मध्ये झालेल्या परिषदेच्या निर्णयाने डालबर्जिया कुळातली जवळजवळ सगळीच झाडे साइटिस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली आणि 2 जानेवारी 2017 पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवान्याचे बंधन आले. पुढे 2022 मध्ये पनामाच्या परिषदेत भारताने शिसमच्या हस्तकला वस्तूंसाठी सवलत मिळवली, कारण त्यावर हजारो कारागिरांचे पोट आहे आणि ते झाड लागवडीतून मिळते. आपला शिसव हळू वाढतो, जंगलात विखुरलेला असतो, आणि त्याच्या फळ्यांना गिटार बनवणाऱ्यांकडून जगभर मागणी आहे. खानापूरच्या जंगलातून ‘शिसम’ तुटला असे छापले की वाचकाला वाटते, रस्त्याकडेचे लावलेले झाड गेले, पुन्हा लावता येईल. शिसव गेला म्हटले की काय गेले ते इथल्या माणसाला कळते.

ही चूक कशी होत असावी, याचा मला अंदाज आहे. वनखात्याची प्रसिद्धिपत्रके कन्नडमध्ये येतात. त्यात ‘बीटे’ असे नाव असते, कन्नडमध्ये शिसवाला बीटे म्हणतात. कचेरीत घाईत बसलेला उपसंपादक मोबाइलवर पाहतो, तिथे रोझवूड मिळते, रोझवूडवरून पुन्हा मराठीकडे वळताना हिंदीचा शीशम वाटेत आडवा येतो आणि मथळ्यात शिसम जाऊन बसतो. खरे तर खानापूर-जांबोटीच्या कोणत्याही चहाच्या दुकानात ‘बीटे म्हणजे काय’ असे विचारले असते तर मराठी बोलणाऱ्यानेही ‘शिसवा’ असे तत्काळ सांगितले असते. आमच्याकडे दोन्ही भाषांतली झाडांची नावे शेजारी शेजारी नांदतात. मत्ती म्हणजे ऐन, होन्ने म्हणजे बिबला, नंदी म्हणजे नाणा, हे ठेकेदाराच्या मुकादमालाही पाठ असते. सागाच्या बाबतीत तर कन्नडने ‘सागवानी’ हे रूप झाडाचेच नाव म्हणून घेतले आहे, त्यामुळे कानडी सुतार ‘सागवानी’ म्हणतो तेव्हा तो झाड सांगत असतो आणि मराठी गिऱ्हाईक ‘सागवानी’ म्हणते तेव्हा ते कपाटाचे विशेषण असते, आणि तरीही दोघांचा सौदा बिनबोभाट होतो. सीमाभागातल्या मराठी दैनिकाकडे ही जी माहिती दाराशी पडलेली आहे, ती पुण्या-मुंबईच्या दैनिकांना मागवूनही मिळणार नाही. (वनरक्षकाच्या हद्दीला ‘बीट’ म्हणतात, त्यामुळे ‘अमुक बीटमध्ये बीटेची तोड’ असे वाक्य छापण्याचा मोह आवरावा, एवढीच सूचना.)

‘रोझवूड’ या नावाबद्दलही एक खुलासा करावासा वाटतो. गुलाबाच्या झाडाशी त्याचा संबंध नाही. ताज्या लाकडाच्या वासावरून ते नाव पडले. मुंबईकडच्या इंग्रजांनी याच लाकडाला ‘ब्लॅकवुड’ म्हटले आणि एकोणिसाव्या शतकात त्याचे नक्षीदार फर्निचर ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ म्हणून गाजले, तर मद्रास-मलबारकडे ‘रोझवूड’ रूढ झाले. एकाच लाकडाला एका किनाऱ्याने डोळ्यांनी नाव दिले आणि दुसऱ्याने नाकाने. शिसवी म्हणजे काळे, ही समजूत शिकलेल्या मराठी माणसात पक्की होण्यात त्या ‘ब्लॅक’चा हात असावा, अशी मला शंका आहे. खरोखरीच्या गर्द काळ्या लाकडासाठी आपल्याकडे उर्दूतून आलेला ‘आबनूस’ आहे. तो टेंभुर्णीच्या कुळातला, आणि काळ्या कपाटांना लाकडाचेच नाव द्यायची हौस असेल तर पुरवणीने त्याच्याकडे जावे. मीही जायला सांगेन असे नाही, पण निदान रंग तरी जुळेल.

आपल्याकडून अपेक्षा अशी आहे की जंगल आणि तस्करीच्या बातम्यांत या झाडाला ‘शिसव’ म्हणावे आणि पहिल्या उल्लेखात ‘कन्नडमध्ये बीटे’ एवढी जोड द्यावी, म्हणजे कन्नड पत्रक आणि मराठी बातमी यांची सांगड वाचकाला घालता येईल. ‘शिसम’ हे नाव उत्तरेकडच्या झाडासाठी व त्याच्या फर्निचरसाठी राखून ठेवावे. ओंडका शिसवाचा आणि पलंग शिसवी, हा भेद पाळला तर उत्तम, पण घाईत तो सुटला तर मी पुन्हा पत्र लिहिणार नाही. माणसांच्या वर्णनात मात्र हा शब्द अवश्य वापरावा, आणि तो मल्लांपुरता ठेवू नये. आपल्या भागात भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभ्या असलेल्या बायकांची छायाचित्रे आपण दरवर्षी छापता आणि खाली ‘बळीराजाची लगबग’ अशी ठरलेली ओळ टाकता. पावसाने निथळणाऱ्या त्या शिसवी हातांबद्दल एखाद्या वर्षी दोन ओळी आल्या तर चालतील.

जाहिरातींवर आपला ताबा किती, हे मला ठाऊक नाही. पण पुरवणीतला मजकूर जाहिरात नसून लेख असतो, निदान तसा दिसतो. पुढच्या वेळी लॅमिनेटचा रंग सांगताना ‘काळा’ लिहिले तर तीन अक्षरी विशेषणाची एक जागा वाचेल आणि दुकानदाराला काही नुकसान होणार नाही. आणि ज्यांच्या घरी आजी-पणजीच्या वेळची शिसवी वस्तू अजून आहे, त्यांनी तिच्यावर काळे पॉलिश मारून घेण्यापूर्वी एखाद्या जुन्या मिस्त्रीला ती दाखवावी, अशी एक चौकट त्याच पुरवणीत छापता आली तर पाहावे. काळ्या पॉलिशचा थर एकदा चढला की तो उतरवायला कानस आणि पॉलिश-पेपर घेऊन दिवसेंदिवस बसावे लागते, आणि नक्षीच्या खाचांतला तर तरीही निघत नाही.

आपला नम्र,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)